पाडलेली विमाने आणि परत आणलेले विमान

कॅडेट, इयत्ता अकरावी (भिलाई-३, जि. दुर्ग, छत्तीसगड)

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की आमच्या डॉर्मिटरीत लगेच दोन पक्ष पडतात. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे, की सैनिकी शाळेतल्या कॅडेटने असल्या खेळांना हातही लावू नये. डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, मैदान सुटते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की बाकीचे गेम टाकाऊ असतील, पण लढाऊ विमानाचा गेम हा खेळ नसून सराव आहे. हा पक्ष पुरावाही देतो. भारतीय हवाई दलाचा स्वतःचा मोबाईल गेम आहे. २०१४ मध्ये ‘गार्डियन्स ऑफ द स्काईज’ आला आणि ३१ जुलै २०१९ रोजी तेव्हाचे हवाई दल प्रमुख एअर चीफ मार्शल बी. एस. धनोआ यांच्या हस्ते ‘इंडियन एअर फोर्स : अ कट अबव्ह’ सुरू झाला. तरुणांना हवाई दलाची ओढ लागावी हा त्यामागचा हेतू. दलाने स्वतः काढलेली गोष्ट आम्हालाच वाईट कशी, असा या पक्षाचा प्रश्न असतो.

मला दोन्ही पक्ष अर्धेच बरोबर वाटतात. असा गेम खेळल्याने कोणी बिघडत नाही आणि खेळल्याने कोणी वैमानिकही होत नाही. बिघाड आहे तो गेमच्या गुणपत्रिकेत. ज्या गेममध्ये पायलटचे ‘करिअर’ असते, म्हणजे साध्या पायलटपासून सुरुवात करून बढती, पदके आणि नवी विमाने मिळवत वर जायचे असते, तो गेम बहुतेक वेळा एकच गोष्ट मोजतो : किती पाडले. मराठीत आपण परीक्षेत गुणही ‘पाडतो’ आणि लढाईत विमानही ‘पाडतो’. या गेममध्ये दोन्ही एकच होऊन बसले आहे. विमान आणि माणूस परत आले का, हा खऱ्या सेवेतला पहिला प्रश्न. त्याला तिथे फारसे गुण नाहीत. म्हणून माझे मत असे, की जुना गेम जरूर खेळावा, पण त्याची गुणपत्रिका आपली आपण लिहावी.

या करिअरची कल्पना कुठून आली ते पाहण्यासारखे आहे. १९८२ मध्ये अमेरिकेत मायक्रोप्रोज नावाची कंपनी दोघांनी काढली. एक बिल स्टीली, अमेरिकन हवाई दलातला वैमानिक. दुसरा सिड मायर, प्रोग्रॅम लिहिणारा. कंपनीच्या जन्माची गोष्ट प्रसिद्ध आहे. लास वेगासमध्ये एका परिषदेच्या वेळी हे दोघे ‘रेड बॅरन’ नावाच्या विमानयुद्धाच्या मशीनवर खेळले. वैमानिक हरला आणि प्रोग्रॅमर जिंकला. स्टीलीने हे कसे जमले म्हणून विचारले, तेव्हा मायरचे उत्तर साधे होते. मशीनमधली शत्रूची विमाने ठरलेल्या पद्धतीने येतात. इतरांचा खेळ बघून त्याने ती पद्धत लक्षात ठेवली होती. गेममध्ये तरबेज असणे म्हणजे काय, हे या एका गोष्टीत आले. मशीन पाठ होते. आकाश पाठ होत नाही.

पुढे या कंपनीने ‘एफ-१५ स्ट्राइक ईगल’ काढला, जो नंतर निन्टेन्डोच्या कन्सोलवरही आला. १९८८ मध्ये घरच्या संगणकासाठी ‘एफ-१९ स्टेल्थ फायटर’ आला. त्यात पायलटांची नोंदवही होती. मोहीम झाली की गुण, गुणांवर बढती आणि पदके. पण त्या नोंदवहीत एक कडक नियमही होता : पायलट मेला की त्याची कारकीर्द संपली. पुढच्या मोहिमेला नवे नाव लिहायचे आणि तळापासून सुरुवात करायची. १९९५ मध्ये प्लेस्टेशनवर नामको कंपनीचा ‘एअर कॉम्बॅट’ आला. तिथे उडवलेल्या लक्ष्यांचे पैसे मिळू लागले. त्या पैशांतून नवी विमाने विकत घ्यायची, सोबतीला विंगमनही पैसे देऊन घ्यायचा. खेळ म्हणून हा सुंदरच आहे. पण पायलटच्या बढतीचा रस्ता इथे दुकानातून जाऊ लागला.

आता खरी बढती कशी होते ते पाहू. खडकवासल्याहून एनडीए पूर्ण करून आणि दुंडीगलच्या अकादमीतून उड्डाणाचे शिक्षण घेऊन बाहेर पडलेला अधिकारी फ्लाइंग ऑफिसर होतो. दोन वर्षांच्या सेवेनंतर फ्लाइट लेफ्टनंट, सहा वर्षांनंतर स्क्वाड्रन लीडर, तेरा वर्षांनंतर विंग कमांडर. मध्ये खात्याच्या परीक्षा आणि वैद्यकीय तपासण्या असतात. ग्रुप कॅप्टनपासून पुढे निवडीने. या पायऱ्यांत ‘किती पाडले’ असा रकानाच नाही. तेरा वर्षांत एकही शत्रू न पाहिलेला पायलटही विंग कमांडर होतो, आणि ते योग्यच आहे. त्या तेरा वर्षांत त्याने शेकडो वेळा एक अतिशय महागडे, देशाच्या पैशांचे यंत्र वर नेले आणि खाली आणले. त्याने नव्या मुलांना शिकवले, रात्री उड्डाण केले, हवामान बघून कधी उड्डाण रद्दही केले. दल त्याच्यावर विश्वास ठेवू लागते तो यामुळे.

माझ्या घरी जो गेम आहे तो वर सांगितलेल्या गेमहून जुना आणि गरीब आहे, आणि म्हणूनच मला तो आवडतो. भिलाई-३ च्या रेल्वे कॉलनीत आमचे क्वार्टर आहे. काकांनी शाळेत असताना घेतलेला टीव्ही गेम अजून चालतो. निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानमध्ये फॅमिकॉम नावाचा कन्सोल काढला. त्याच्या नकला भारतात घरोघर आल्या. दोन रिमोट, वरच्या खाचेत बसणारी कॅसेट, आणि कॅसेट चालली नाही की खाली फुंकर मारायची. काकांकडे कोनामी कंपनीच्या ‘टॉप गन’ची वेगळी कॅसेट आहे. हा गेम १९८७ चा. एफ-१४ विमान, चार मोहिमा, त्यातली पहिली सरावाची. सुरुवातीलाच क्षेपणास्त्रे निवडावी लागतात : हलकी घेतली तर चाळीस मिळतात, सर्वात भारी घेतली तर दहाच. इंधन संपत असते, हवेतच टँकरकडून भरून घ्यावे लागते.

या गेमची खरी कीर्ती मात्र लढाईमुळे नाही. ती उतरण्यामुळे आहे. मोहीम संपली की समोर समुद्र आणि त्यात विमानवाहू नौका. खाली आकडे दिसतात. उंची दोनशेच्या आसपास आणि वेग दोनशे अठ्ठ्याऐंशीच्या आसपास ठेवायचा, विमान डावीउजवीकडे सरकू द्यायचे नाही. पडद्यावर ‘अप’, ‘डाऊन’, ‘स्पीड अप’, ‘लेफ्ट’ अशा सूचना येत राहतात. काकांच्या वेळची मुले इथेच विमान समुद्रात घालत, आणि आजही मुले इथेच घालतात. आख्खी शत्रूची फळी कापून आलेला हिरो शेवटच्या अर्ध्या मिनिटात बुडतो. पुष्कळ जण या भागाला गेममधला दोष म्हणतात. मला वाटते, त्या गेममध्ये हाच भाग खराखुरा सिम्युलेटर आहे. बाकी सगळे फटाके आहेत.

पण या गेमला करिअर नाही. त्याला स्मरणशक्तीच नाही. स्विच बंद केला की सगळे पुसले जाते. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी लाईट गेली की कूलरही बंद आणि पायलटही खलास. म्हणून गेल्या उन्हाळी सुट्टीत मी एक दोनशे पानी वही घेतली आणि कॉलनीतल्या मुलांचे करिअर त्या वहीत ठेवायचे ठरवले. माझा लहान भाऊ आणि शेजारची पाच मुले, असे आम्ही सातजण होतो. नियम मी लिहिले, पण त्यातला मुख्य नियम मला बाबांकडून मिळाला.

बाबा मालगाडीचे लोको पायलट आहेत. भिलाई-३ मध्ये तुम्ही कोणालाही ‘पायलट साहेबांचे घर’ विचारा, तो तुम्हाला रेल्वेवाल्याकडे नेईल, हवाई दलवाल्याकडे नाही. इथे मोठे यार्ड आहे, विद्युत इंजिनांचे शेड आहे, आणि पोलाद कारखान्याकडे जाणारा-येणारा माल रात्रंदिवस हलत असतो. बाबांच्या नोकरीतही करिअर आहे. सहायक लोको पायलट, मग मालगाडी, मग पॅसेंजर, मग मेल-एक्स्प्रेस. भरतीच्या वेळी मानसिक क्षमतेची चाचणी द्यावी लागते, ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी आणि उजळणीचे प्रशिक्षण होते. मी एकदा त्यांना विचारले, “बाबा, तुमच्या इतक्या वर्षांच्या सर्व्हिसमधली सगळ्यात मोठी कामगिरी कोणती?”

बाबा म्हणाले, “काही झालं नाही, हीच.”

मला आधी कळले नाही. मग त्यांनी सांगितले, “अरे, लाल सिग्नल कधी ओलांडला नाही. गाडी नेली, गाडी आणली. ज्या दिवशी माझं नाव पेपरात येईल ना, त्या दिवशी समज काहीतरी बिघडलं.”

लाल सिग्नल ओलांडणे हा रेल्वेत सर्वात गंभीर गुन्ह्यांपैकी एक समजला जातो. एका चुकीत नोकरी जाऊ शकते. म्हणूनच इंजिनात दोघे बसतात आणि प्रत्येक सिग्नल दोघांनी मोठ्याने पुकारायचा असतो, हाताने दाखवायचा असतो. एकाने पाहिले आणि दुसऱ्याने मान हलवली, असे चालत नाही. कुठल्याही गेममध्ये ‘काही झाले नाही’ याला गुण नसतात. माझ्या वहीत मी ते द्यायचे ठरवले.

नियम असे होते. पाडलेल्या विमानांची संख्या वहीत लिहायचीच नाही. विमान नौकेवर नीट उतरले तर एक उड्डाण पुरे झाले. दोन उड्डाणे झाली की फ्लाइट लेफ्टनंट, सहा झाली की स्क्वाड्रन लीडर, तेरा झाली की विंग कमांडर. हवाई दलातल्या वर्षांचे आकडे मी तसेच उचलले. गेम तीन विमाने देतो, पण वहीत एकच. विमान गेले की त्या नावावर लाल रेघ, रिमोट पुढच्याला, आणि परत आपली पाळी आली की नवे नाव घेऊन फ्लाइंग ऑफिसरपासून सुरुवात. शेवटचा नियम सर्वांना नावडता होता : उतरलास किंवा बुडालास, तीन ओळी लिहायच्या. काय ठरवले होते, काय झाले, पुढच्या वेळी काय करणार.

पहिल्या दोन दिवसांत वहीची पाने लाल झाली. माझ्या भावाचा हात सर्वात जलद. समोर काही दिसले की त्याचे बोट बटणावर गेलेच. आठवड्यात त्याच्या अकरा नावांवर रेघ पडली. दर वेळी तो म्हणायचा, “पण दादा, मी सगळ्यांत जास्त पाडले!” मी वही दाखवायचो. त्यात त्याच्या पाडलेल्या विमानांना जागाच नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात गंमत झाली. जो खेळत नसे तो शेजारी बसून आकडे वाचू लागला. “उंची दोनशे दहा… दोनशे… वेग जास्त आहे, कमी कर… डावीकडे.” खेळणारा उत्तर द्यायचा, “दोनशे, बरोबर.” कोणी शिकवले नव्हते. एकट्याच्या डोळ्यांना पडदा, आकडे आणि सूचना एकदम झेपत नाहीत, हे मुलांना आपोआप कळले. बाबा ड्युटीवरून येऊन जेवत होते. ते आतूनच म्हणाले, “हे तर आमचं सिग्नल पुकारणं झालं.” त्यानंतर बुडणारी विमाने निम्म्यावर आली.

सुट्टी संपेपर्यंत विंग कमांडर कोणी झाले नाही. स्क्वाड्रन लीडर एकच झाला, सातवीतला एक मुलगा, जो एरवी क्रिकेटमध्येही शेवटी घेतला जातो. तो फार पाडत नसे. क्षेपणास्त्रे जपून वापरायचा, इंधनाकडे लक्ष ठेवायचा. उतरताना तो श्वास रोखून बसायचा. गेमच्या स्वतःच्या गुणांत तो कधीच पहिला आला नाही. वहीत तो सर्वांच्या वर होता. त्याच्या तीन ओळीही सर्वात स्वच्छ असत. एकदा त्याने लिहिले होते, ‘वेग आधी कमी करायला हवा होता, उंची नंतर.’ हवाई दलातही उड्डाण झाल्यावर सगळे एकत्र बसून नेमके हेच करतात. त्याला डीब्रीफिंग म्हणतात. तिथे कोण किती शूर हा प्रश्न नसतो. काय ठरले होते आणि काय घडले, एवढेच पाहिले जाते.

हा झाला सात मुलांचा खेळ. पण हीच कसोटी खऱ्या माणसांना लावून पाहा. दिलीप पारुळकर हे नाव आपल्यापैकी पुष्कळांना १९७१ च्या युद्धामुळे माहीत आहे. त्यांची पहिली मोठी गोष्ट १९६५ ची आहे. हंटर विमान घेऊन गेले असताना शत्रूच्या गोळीबारात विमानाला मार बसला आणि त्यांचा उजवा खांदा जखमी झाला. त्यांना विमान सोडून उडी मारण्याचा सल्ला मिळाला होता. त्यांनी ते जखमी विमान जखमी हाताने तळावर परत आणले. त्यासाठी त्यांना वायुसेना पदक मिळाले. गेममध्ये या प्रसंगाला गुण किती? पाडलेले विमान नाही, म्हणून शून्य.

दुसरी गोष्ट १० डिसेंबर १९७१ ची. सुखोई-७ घेऊन गेलेले पारुळकर पाडले गेले आणि युद्धकैदी झाले. गेममध्ये इथे ‘गेम ओव्हर’ अशी अक्षरे येतात. पारुळकरांचे काम इथून पुढे सुरू झाले. रावळपिंडीच्या छावणीतून मल्विंदर सिंग गरेवाल आणि हरीश सिंहजी या दोन साथीदारांबरोबर १३ ऑगस्ट १९७२ च्या पहाटेपूर्वी ते भिंत फोडून बाहेर पडले. बसने पेशावरला गेले आणि तिथून अफगाणिस्तानच्या सीमेजवळ लंडी कोतलपर्यंत पोहोचले. तिथे त्यांनी लंडी खाना या पुढच्या रेल्वे स्टेशनची चौकशी केली. त्या स्टेशनापर्यंतची रेल्वे १९३२ मध्येच बंद झालेली होती. बंद पडलेल्या स्टेशनाचा रस्ता विचारणारे लोक स्थानिकांना संशयास्पद वाटले आणि तिघे पकडले गेले. सीमा काही मैलांवर राहिली. १ डिसेंबर १९७२ रोजी इतर कैद्यांबरोबर ते वाघ्यावरून मायदेशी आले. रेल्वेच्या घरातला असल्यामुळे मला या गोष्टीतले ते बंद स्टेशन नेहमी चुटपुट लावते. पण त्याहून जास्त हे आठवते, की पडल्यावरही घरी परतणे हेच त्यांनी आपले कर्तव्य मानले.

आता ‘टॉप गन’मध्ये मुले जिथे बुडतात त्या नौकेकडे येऊ. विमानवाहू नौकेवर उतरणे ही जगातल्या अवघड कामांपैकी एक आहे. ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी नौदलासाठी बनवलेले तेजस ‘आयएनएस विक्रमादित्य’वर प्रथम उतरवले. त्या काही सेकंदांच्या आधी काय होते? गोव्यात ‘आयएनएस हंसा’वर जमिनीवरच नौकेच्या डेकसारखी धावपट्टी बांधलेली आहे. तिथे १३ सप्टेंबर २०१९ रोजी तेजसने तारेला हूक अडकवून पहिल्यांदा थांबून दाखवले, आणि त्यानंतरही तिथे पुन्हा पुन्हा सराव झाला. मगच समुद्र. डेकवर उभा असलेला अधिकारी पायलटला सतत सूचना देत असतो, कॉलनीतल्या मुलांसारखाच, फक्त इथे चूक महाग असते. आणि एक गोष्ट गेममध्ये कधीच कळत नाही. डेकला चाके टेकताक्षणी पायलट इंजिनाची शक्ती कमी करत नाही, पूर्ण वाढवतो. हूक तारेत अडकला नाही तर पुन्हा हवेत जाता यावे म्हणून. म्हणजे उतरण्याच्या क्षणीही तो अपयशाची तयारी ठेवून असतो.

भिलाईच्या माणसाला या डेकचा आणखी एक अर्थ आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत ‘आयएनएस विक्रांत’ नौदलात दाखल झाली. आपल्या देशात बांधलेली ही पहिली विमानवाहू नौका. तिच्यासाठी ‘सेल’ने सुमारे ३० हजार टन खास पोलाद पुरवले, आणि ते भिलाई, बोकारो आणि राउरकेला इथल्या कारखान्यांतून गेले. पूर्वी असे पोलाद बाहेरून आणावे लागे. माझ्या घराजवळच्या यार्डातून रोज पोलादाच्या वाघिणी जातात. त्या ओढणाऱ्या, भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या, वेल्डिंग करणाऱ्या कोणाचेही नाव गेमच्या करिअरमध्ये येत नाही. पण तो डेक नसेल तर पायलटला परत यायला जागाच नाही. गेम पायलटला एकटा दाखवतो. खरा पायलट कधीच एकटा नसतो.

माझे हे म्हणणे ऐकून आमच्या हाऊसमधल्या एका मित्राने चांगला प्रश्न विचारला. तो म्हणाला, “मग फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांचे काय? ते तर परत आले नाहीत.” प्रश्न बरोबर आहे आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय माझे मत पुरे होत नाही. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या तळावर सहा सेबर विमानांनी हल्ला केला. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना सेखों यांनी आपले नॅट विमान उडवले आणि ते एकटे त्यांच्याशी लढले. त्यात ते हुतात्मा झाले. परमवीर चक्र मिळालेले हवाई दलातले ते आजवरचे एकमेव वीर. त्यांनी किती विमानांना मार दिला म्हणून आपण त्यांना वंदन करतो का? नाही. तळ वाचवायचा होता आणि वाचवायला जाणे म्हणजे काय हे माहीत असूनही ते गेले, म्हणून. गेममध्ये तीन ‘लाईफ’ असणाऱ्याला हे धैर्य कधीच कळणार नाही, कारण त्याचे काहीच जात नाही. ज्याला परत येण्याची किंमत कळते त्यालाच परत न येण्याची किंमत कळते. वहीत एका नावावर रेघ मारताना माझ्या भावाचे तोंड जे उतरायचे, तो या धड्याचा अगदी पहिला, लहानसा आकडा होता.

आता आपल्या स्वतःच्या गोष्टीकडे येतो. या शाळेतल्या पुष्कळ जणांना, मलाही, फ्लाइंग शाखा हवी आहे. एनडीएची लेखी परीक्षा पुन्हा देता येते. मुलाखतीलाही पुन्हा जाता येते. पण पायलट निवडीची संगणकीय चाचणी, जिला सीपीएसएस म्हणतात आणि पूर्वी ज्या जागी पीएबीटी होती, ती आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झालात तर फ्लाइंग शाखेचा दरवाजा कायमचा बंद. तिथे ‘कंटिन्यू’ नाही. माझा चुलत दादा मुलाखतीच्या बाकी सगळ्या फेऱ्यांत चांगला होता. या एका चाचणीत राहिला. गेममध्ये तो आमच्या घराण्यात सर्वात पुढे होता. तो मला म्हणाला, “तिथे गोळ्या झाडायच्याच नसतात रे. उपकरणांवरचे आकडे वाचायचे, हात आणि पाय एकदम चालवायचे, आणि एकाकडे बघताना दुसरं विसरायचं नाही.” म्हणजे गेममधला जो भाग आपण टाळतो तोच तिथे विचारला जातो.

दादा आता हवाई दलाच्या ग्राउंड ड्युटीच्या परीक्षेची तयारी करतो आहे. मला त्याचा अभिमान आहे. विमान वर पाठवणारे आणि परत घेणारे तेच लोक.

म्हणून माझी सूचना अशी आहे. रविवारच्या छंदाच्या तासाला आपल्या शाळेत एक जुना टीव्ही, एक जुना गेम आणि एक वही ठेवावी. गेम महागडा नको, नवा तर नकोच. ज्यात उतरावे लागते असा हवा. एका वेळी दोघे बसावेत, एक चालवणारा आणि एक आकडे पुकारणारा. दर आठवड्याला जागा बदलावी. पाडलेली विमाने कोणी मोजू नयेत. विमान गेले तर नावावर रेघ मारावी, आणि तीन ओळी लिहिल्याशिवाय कोणी उठू नये. त्या तीन ओळी हाऊस मास्टरांनी महिन्यातून एकदा वाचाव्यात. हस्ताक्षर सुधारेल तो फायदा वेगळा.

याला कोणी विचारेल, की गेममध्ये ना गुरुत्वाचा भार, ना वारा, ना भीती. मग यातून पायलट कसा घडेल? घडणार नाहीच. नऊ जीचा भार खुर्चीत बसून कोणालाही समजत नाही. त्यासाठी दुंडीगल आहे, बिदर आहे, तिथले शिक्षक आहेत. आपल्या वयात घडवायची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे आपण कशाला यश म्हणतो. ती सवय तेरा-चौदाव्या वर्षी लागते आणि मग सुटत नाही. आपल्यापैकी काही जण पायलट होतील. काही जण पायदळात, नौदलात, काही रेल्वेत किंवा पोलाद कारखान्यात जातील. ज्याच्या हाती विमान, गाडी, भट्टी किंवा पंचवीस जवान दिले जातील, त्या प्रत्येकाला संध्याकाळी एकच प्रश्न विचारला जाणार आहे : दिलेले काम झाले का, आणि सगळे परत आले का?

या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर त्या दिवशी पेपरात नाव येणार नाही. तरीही तोच दिवस खऱ्या सेवेच्या वहीत एक उड्डाण म्हणून लिहिला जाईल.

जय हिंद!